सिद्धांतकाराची सायटेशन्स कशी वाचावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सैद्धांतिक रसायनशास्त्रात पीएचडीचं पाचवं वर्ष चालू आहे. सहा पेपर झाले, त्यांना मिळून ७४ सायटेशन्स (म्हणजे इतर पेपरांनी दिलेले संदर्भ) आणि एच-इंडेक्स ४, म्हणजे प्रत्येकी किमान ४ सायटेशन्स असलेले पेपर ४. त्याच मजल्यावर नॅनोमटेरियल्सच्या लॅबमध्ये असलेला तुमच्याच बॅचचा मित्र ९०० च्या पुढे गेला आहे. दुसरीकडे डीएफटीमधल्या (डेन्सिटी फंक्शनल थिअरी, म्हणजे इलेक्ट्रॉन घनतेवरून रेणूची ऊर्जा काढण्याचा सिद्धांत) मोठ्या माणसांची पानं उघडली की एकेका पेपरला हजारो सायटेशन्स दिसतात. तेव्हा सिद्धांतकाराची कारकीर्द मोजायची तरी कशी, आणि मेथड डेव्हलपमेंट, म्हणजे गणनेच्या नव्या पद्धती घडवणं, सोडून प्रयोगवाल्यांना कॅल्क्युलेशन्स करून देण्याकडे वळावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी २८ वर्षं याच विषयात आहे. गाईड, रेफरी आणि निवड समितीतला सभासद अशा तिन्ही खुर्च्यांवर बसून मी हे आकडे पाहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. सायटेशनचा आकडा सिद्धांतकाराबद्दल खरोखर काय सांगतो, हा एक. आणि तुम्हाला पुढची नोकरी मिळायला काय करावं लागेल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी ठामपणे देऊ शकतो. दुसरं परिस्थितीवर आहे. पोस्टडॉकला बाहेर जाणार का, आयआयटी-आयसरकडे पाहताय की विद्यापीठ-कॉलेजकडे, घरी तुमच्या पगाराची वाट कोण पाहतंय, यावर ते बदलतं. शेवटच्या मुद्द्यावर आपल्याकडे कुणी मोकळेपणाने बोलत नाही, पण पोस्टडॉकची आणखी दोन वर्षं काढायची की नाही हे बरेचदा तिथेच ठरतं.

मित्राशी तुलना आधी बाजूला काढू. नॅनोमटेरियल्समध्ये काम करणारे गट प्रचंड आहेत, पेपर भराभर येतात आणि प्रत्येक पेपरखाली साठ-सत्तर संदर्भ सहज असतात. म्हणजे सायटेशन्सचा पाऊसच तिथे जास्त पडतो. तुम्ही कपल्ड क्लस्टर या अचूक पण अवघड गणनाप्रकारात नवी पद्धत मांडली, तर ती समीकरणं ओळीने वाचू शकणारे गट जगभर मोजकेच आहेत. एच-इंडेक्स ज्यांनी २००५ मध्ये सुचवला त्या हॉर्हे हिर्श यांनी स्वतःच मूळ पेपरमध्ये लिहिलं होतं की वेगवेगळ्या विषयांतले आकडे वेगवेगळे असतात. कोकणातल्या आणि माणदेशातल्या विहिरींचं पाणी एका काठीने मोजून कोण जास्त कष्टाळू हे ठरवता येत नाही. तुमची तुलना करायचीच असेल तर तुमच्यासारखं काम करणाऱ्या, तुमच्याच वर्षाच्या लोकांशी करा.

आता त्या मोठ्या आकड्यांकडे येतो, कारण खरं शिकण्यासारखं तिथे आहे.

२०१४ मध्ये ‘नेचर’ने आजवर सर्वाधिक सायटेशन्स मिळालेल्या १०० पेपरांची यादी छापली. पहिल्या जागी १९५१ चा लॉरी आणि सहकाऱ्यांचा पेपर, प्रोटीनचं प्रमाण मोजण्याच्या पद्धतीचा. त्याला ३ लाखांहून जास्त सायटेशन्स होती. पहिल्या सहाही जागा जीवरसायनशास्त्रातल्या प्रयोगपद्धतींच्या आहेत. सातव्या जागी आपल्या विषयातला पेपर येतो: चेंगतेह ली, वेइताओ यांग आणि रॉबर्ट पार, १९८८, सुमारे ४६,७०० सायटेशन्स. आठव्या जागी ॲक्सेल बेके, १९९३, सुमारे ४६,१००. शंभरातले १२ पेपर डीएफटीशी संबंधित होते.

या यादीतून रॉबर्ट पार यांची कारकीर्द मी मुद्दाम निवडतो. विद्यार्थ्यांना मी तीच सांगतो, कारण त्यांचा आकडा आणि त्यांचं काम यांचं नातं उलगडलं की तुमच्या ७४ चाही अर्थ लागतो.

पार १९२१ मध्ये शिकागोत जन्मले आणि १९४७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून पीएचडी झाले. त्यानंतर ते पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत होते, १९६२ पासून जॉन्स हॉपकिन्समध्ये आणि १९७४ पासून नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिलला. १९५० मध्ये क्रेग आणि रॉस यांच्याबरोबर त्यांनी बेंझिनच्या उत्तेजित अवस्थांची गणितं केली. १९५३ मध्ये रुडॉल्फ पॅरिसर यांच्याबरोबर पाय-इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूंसाठी एक अर्धप्रायोगिक (काही आकडे प्रयोगातून घेणारी) पद्धत दिली. त्याच वर्षी पोपल यांनीही स्वतंत्रपणे तीच वाट धरली, म्हणून ती पॅरिसर-पार-पोपल पद्धत म्हणून ओळखली जाते. पॅरिसर ड्यूपॉन्ट कंपनीत होते आणि रंगद्रव्यांचे रंग कसे येतात हा तिथे पोटापाण्याचा प्रश्न होता. म्हणजे वयाच्या बत्तिशीच्या आत पार यांचं नाव एका पद्धतीला लागलेलं होतं. तिथेच थांबून उरलेली वर्षं ते त्या नावावर आरामात काढू शकले असते.

पन्नाशीत ते डीएफटीकडे वळले. होहेनबर्ग-कोन यांचं प्रमेय १९६४ चं आणि कोन-शॅम समीकरणं १९६५ ची, पण सत्तरच्या दशकात डीएफटी हा घनस्थिती भौतिकीवाल्यांचा प्रांत होता. बहुतेक क्वांटम केमिस्ट त्याकडे संशयाने पाहत. तरंगफलन (इलेक्ट्रॉनांचं संपूर्ण क्वांटम वर्णन) सोडून नुसत्या घनतेवर विसंबायचं आणि त्यातलं सर्वांत महत्त्वाचं पद माहीतच नाही, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. पार यांनी तिथे रसायनशास्त्राचे प्रश्न नेले. १९७८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की विद्युतऋणता (इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची ताकद) म्हणजे इलेक्ट्रॉनसंख्येनुसार ऊर्जा कशी बदलते त्या दराचं ऋण, म्हणजेच इलेक्ट्रॉनांचं रासायनिक विभव. पॉलिंग आणि मुलिकन यांच्यापासून वापरात असलेल्या कल्पनेला नेमकी व्याख्या मिळाली. १९८३ मध्ये राल्फ पियर्सन यांच्याबरोबर त्यांनी ‘हार्डनेस’लाही, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीला होणाऱ्या विरोधालाही, तशीच व्याख्या दिली. आपण एमएस्सीला हार्ड-सॉफ्ट ॲसिड-बेस शिकतो, त्याला तोवर चांगली उदाहरणं होती पण मोजमाप नव्हतं.

याच टप्प्यावर आपल्याकडची माणसं या गोष्टीत येतात. पुढे पुणे विद्यापीठात सैद्धांतिक रसायनशास्त्राचा गट उभा करणारे श्रीधर गद्रे तेव्हा पार यांच्याकडे होते. पार, गद्रे आणि बार्टोलोट्टी यांचा डीएफटीवरचा पेपर १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. भाभा अणुसंशोधन केंद्राचे स्वपन घोष आणि खरगपूर आयआयटीचे प्रतिम चट्टराज यांनीही पार यांच्याबरोबर महत्त्वाचं काम केलं. पार-चट्टराज यांचा १९९१ चा ‘महत्तम हार्डनेस’चा पेपर आजही शिकवला जातो.

आणि मग १९८८. पार ६६ वर्षांचे होते.

या पेपरमध्ये काय आहे ते नीट पाहा, कारण सायटेशन करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो उघडलेला नसतो. कोले आणि साल्व्हेट्टी या दोन इटालियन संशोधकांनी १९७५ मध्ये सहसंबंध ऊर्जेचं, म्हणजे इलेक्ट्रॉन एकमेकांना चुकवत फिरतात त्यातून येणाऱ्या ऊर्जेचं, एक सूत्र दिलं होतं. त्यातले चार स्थिरांक हेलियम अणूवरून बसवले होते: ०.०४९१८, ०.१३२, ०.२५३३ आणि ०.३४९. ली, यांग आणि पार यांनी ते सूत्र फक्त घनतेच्या भाषेत उतरवलं. काही अणू, आयन आणि रेणूंवर तपासून सहसंबंध ऊर्जा काही टक्क्यांच्या आत बरोबर येते असं दाखवलं. क्रांतीचा कसलाही दावा पेपरात नाही. स्वच्छ, मन लावून केलेलं काम आहे.

पुढच्याच वर्षी स्टुटगार्टच्या मीलिश, साविन, श्टोल आणि प्रॉइस यांनी सूत्रातलं एक अवघड पद काढून ते कॉम्प्युटरला सोयीचं केलं. आज बहुतेक प्रोग्रॅममध्ये जे चालतं ते हेच रूप. १९९३ मध्ये बेके यांनी अचूक एक्स्चेंजचा (सारख्या स्पिनच्या इलेक्ट्रॉनांमुळे येणाऱ्या ऊर्जेचा) थोडा हिस्सा मिसळून तीन स्थिरांकांचं मिश्रण बनवलं. ५६ रेणूंच्या विघटन ऊर्जांमध्ये सरासरी चूक फक्त २.४ किलोकॅलरी आली. त्या काळात एवढ्या स्वस्त गणितातून असं उत्तर मिळणं ही मोठी गोष्ट होती. पण बेके यांच्या त्या पेपरमध्ये ली-यांग-पार फंक्शनल (घनतेवरून ऊर्जा देणारं सूत्र) नाहीच! तिथे सहसंबंधासाठी पेर्ड्यू-वांग यांचं वापरलं आहे. गॉसियन या प्रोग्रॅममध्ये ते बदलून ली-यांग-पार घातलं गेलं, आणि ते मिश्रण १९९४ मध्ये स्टीफन्स, डेव्हलिन, चबालोव्स्की आणि फ्रिश यांच्या पेपरमध्ये छापून आलं. तोही पेपर फंक्शनलबद्दल नव्हता. रेणूंच्या कंपनांच्या सर्क्युलर डायक्रोइझमबद्दल, म्हणजे डाव्या-उजव्या फिरत्या प्रकाशाच्या वेगवेगळ्या शोषणाबद्दल, होता. हेच बी३एलवायपी: बेके, तीन स्थिरांक, आणि ली-यांग-पार.

तेव्हापासून जगातला कुठलाही सेंद्रिय किंवा अकार्बनी रसायनशास्त्रज्ञ आपल्या रेणूवर बी३एलवायपी चालवतो आणि मेथड सेक्शनमध्ये ‘बेके १९९३’ आणि ‘ली, यांग, पार १९८८’ ही जोडी लिहितो. ४६,७०० आणि ४६,१०० हे आकडे इतके जवळ का आहेत, ते आता कळलं असेल. दोन पेपरांना स्वतंत्रपणे तेवढी दाद मिळाली असं नाही. एकच वाक्य हजारो वेळा लिहिलं गेलं आणि त्यात दोघांची नावं होती.

याचा अर्थ पार यांचं काम लहान, असा कृपा करून घेऊ नका. माझ्या मते विद्युतऋणता आणि हार्डनेसवरचं त्यांचं काम १९८८ च्या पेपरपेक्षा मोठं आहे. कल्पना म्हणून तर निश्चितच. १९८९ मध्ये यांग यांच्याबरोबर लिहिलेल्या डीएफटीच्या पुस्तकाने एका पिढीला हा विषय शिकवला, त्यात मीही आलो. १९९९ मध्ये, ७७ व्या वर्षी, त्यांनी इलेक्ट्रोफिलिसिटी इंडेक्सचा (रेणूला इलेक्ट्रॉनांची किती ओढ आहे त्याच्या मापाचा) पेपर दिला आणि त्यालाही हजारो सायटेशन्स मिळाली. पण सर्वांत मोठा आकडा मिळाला तो हत्याराला. हत्यार घडवणारे तीन हात, ते धारदार करणारे चार, मुठीत बसवणारे आणखी काही. आकडा मात्र दोनच दारांत जाऊन पडला.

तर सायटेशन वापर मोजतं. तो वापर कधी सुरू होईल आणि कुणाच्या हातून होईल हे सिद्धांतकाराच्या हातात जवळजवळ नसतं. आपलं काम दुसऱ्याला वापरता येईल अशा स्थितीत ठेवणं मात्र पूर्णपणे त्याच्या हातात असतं. पुढचं सगळं मी या एका गोष्टीच्या आधाराने सांगतो आहे.

वापर उशिरा येतो, याचं ठळक उदाहरण रुडॉल्फ मार्कस. इलेक्ट्रॉन स्थलांतराचा त्यांचा पहिला पेपर १९५६ चा. अभिक्रियेमागचा जोर वाढवत नेला तर एका मर्यादेनंतर तिचा वेग उलटा घटायला लागेल, हे भाकीत १९६० च्या आसपासचं. ते प्रयोगात स्वच्छपणे दिसलं १९८४ मध्ये, मिलर, कॅल्कॅटेरा आणि क्लॉस यांच्या कामात. नोबेल १९९२ चं. मधल्या जवळजवळ पाव शतकात त्या भाकितावर शंका घेणारे पुष्कळ होते. तीन वर्षांच्या आढाव्यात हे काम कुठे बसलं असतं?

काही काम इतकं रुजतं की त्याचं नाव घेणं थांबतं. आपण रोज बॉर्न-ओपेनहायमर अंदाज (अणुकेंद्रं स्थिर धरून इलेक्ट्रॉनांचा हिशोब करणं) वापरतो. तुमच्या सहा पेपरांत १९२७ च्या त्या पेपरचा संदर्भ किती वेळा दिला? मीही देत नाही.

आणि काही काम इतिहासाच्या कडेला राहतं. हे सांगताना मला आजही चुटपुट लागते. काळानुसार बदलणाऱ्या डीएफटीसाठी आज सगळे रुंगे आणि ग्रोस यांचा १९८४ चा पेपर सांगतात, आणि ते योग्यच आहे, कारण सर्वसाधारण सिद्धता त्यांची आहे. पण त्याआधी १९८२ मध्ये मुंबईतून बी. एम. देब आणि स्वपन घोष यांनी, ठरावीक कालाने पुन्हा तेच होणाऱ्या विभवांसाठी, तशा प्रकारची प्रमेयं मांडली होती. बार्टोलोट्टी यांनीही त्याच सुमारास मर्यादित परिस्थितीसाठी ते केलं होतं. या विषयाचे जाणकार आढावे दोघांचाही उल्लेख करतात. मेथड सेक्शनमध्ये मात्र कुणी लिहीत नाही, कारण तिथे इतिहास लिहायचा नसतो. पुणे विद्यापीठाचंही एक उदाहरण देतो. १९९० मध्ये राजीव पाठक आणि गद्रे यांनी सिद्ध केलं की रेणूच्या स्थिरविद्युत विभवाला अणुकेंद्रं सोडून दुसरीकडे कुठेही कमाल बिंदू असू शकत नाही. हा निकाल माहीत असला की रेणूभोवती ते शोधत बसायची गरजच उरत नाही. जी शोधाशोध कुणी केलीच नाही, तिची सायटेशन कुठून येणार?

इथवरचं थोडक्यात: विषयाच्या आकारावर आकडा ठरतो, हत्याराला कल्पनेपेक्षा जास्त मिळतं, वापर उशिरा येऊ शकतो, आणि रुजलेलं काम मोजणीतून बाहेर पडतं. यातलं काहीच तुमच्या ७४ ला मोठं किंवा लहान करत नाही. फक्त तो आकडा एकटा वाचायचा नाही, एवढं त्यावरून कळतं.

मग मी उमेदवाराचा अर्ज कसा वाचतो? प्रामाणिकपणे सांगतो. एकूण आकडा मीही पाहतो, डोळा जातोच. पण नंतर त्याचे वरचे दोन पेपर उघडतो आणि त्यांना सायटेशन कोण देतंय ते पाहतो. स्वतःच्या गटाची आणि जुन्या सहलेखकांची बाजूला काढली तर काय उरतं? उरलेल्यांपैकी कुणी त्या पद्धतीने स्वतःचं काही काढलं आहे का, की ‘अलीकडे बऱ्याच गटांनी यावर काम केलं आहे’ अशा वाक्यात बाराव्या क्रमांकाला नाव आहे? एखाद्या परक्या गटाने तुमची पद्धत स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये लिहून घेतली असेल, तर ते एक सायटेशन माझ्यासाठी पन्नासांच्या बरोबरीचं. सिद्धांतात दुसऱ्याचं समीकरण पुन्हा कोडमध्ये उतरवणं हे कष्टाचं काम असतं, उगाच कुणी करत नाही. रिव्ह्यू पेपरची सायटेशन्स मी वेगळी धरतो. बारा लेखकांच्या पेपरमधली सायटेशन्स मोजताना उमेदवाराने नेमकं काय केलं ते इंटरव्ह्यूत विचारतो, आणि तिथे बहुतेक वेळा दोन मिनिटांत चित्र स्पष्ट होतं.

सगळ्या समित्या असं करत नाहीत, हेही खरं. एका निवड समितीत मी पाहिलं आहे की एच-इंडेक्सच्या उतरत्या क्रमाने यादी लावली गेली आणि ठरावीक आकड्याखालचे अर्ज उघडलेच गेले नाहीत. त्यात एक मुलगी होती, तिची उत्तेजित अवस्थांवरची पद्धत मला माहीत होती. मी बोललो, पण उशीर झाला होता. ते मला अजून सलतं, म्हणूनच तुम्हाला ‘आकड्यांची काळजीच करू नका’ असं मी म्हणणार नाही. संशोधनाचं मूल्यमापन नियतकालिकाच्या आकड्यांवरून करू नये, असं सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ चा आहे. कागदावर तो पुष्कळांना मान्य असतो. अर्जांचा गठ्ठा समोर आला की वेळ नसतो आणि आकडा सोपा असतो. जाता जाता ‘टॉप २ टक्के शास्त्रज्ञ’ यादीबद्दलही सांगतो. जॉन इओनिडिस यांचा गट स्कोपस या सायटेशन-सूचीच्या माहितीवरून ती बनवतो. तीत विषयवार क्रम असतात आणि स्वतःची सायटेशन्स वगळलेला हिशोबही असतो. नीट वाचली तर ती उपयोगी आहे. बॅनरवर छापली की त्यातलं काही उरत नाही.

आता मेथड की कॅल्क्युलेशन. मेथड पूर्ण सोडू नका, पण एकट्या मेथडवर राहू नका. प्रयोगवाल्यांसाठी कॅल्क्युलेशन्स करून देणं हे हलकं काम आहे असं मी मानत नाही. रसायनशास्त्राचे खरे प्रश्न तिथून येतात आणि तुमची पद्धत कुठे मोडते तेही तिथेच कळतं. बी३एलवायपी दूरच्या आकर्षणबलांमध्ये, म्हणजे डिस्पर्शनमध्ये, कमी पडतं हे मोठ्या, प्रत्यक्ष रेणूंवर लोकांनी ते वापरलं म्हणून पुढे आलं. त्यावर स्टेफान ग्रिमे यांनी २०१० मध्ये दिलेली डी३ दुरुस्ती आज जिकडेतिकडे आहे. ती उपयुक्त होती, आणि त्यांनी तिचा छोटा प्रोग्रॅम कुणालाही फुकट घेता येईल असा ठेवला. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून ती इतकी पसरली.

पण सहकार्य निवडताना एक गोष्ट पाहा. तुम्हाला प्रश्न ठरवण्यात वाटा आहे, की फक्त ‘एवढं ऑप्टिमायझेशन करून द्या, रिव्ह्यूअरने मागितलंय’ असा निरोप येतो? दुसऱ्या प्रकारची दोन-तीन कामं ओळखीपाळखीत करावीच लागतात. दहा केली, तर सायटेशन्स वाढतील आणि इंटरव्ह्यूत ‘यात तुमचं काय?’ या प्रश्नावर अडखळाल. आयआयटी-आयसरमध्ये हा प्रश्न हमखास येतो आणि शिफारसपत्रांना तिथे फार वजन असतं. विद्यापीठ-कॉलेजच्या भरतीत पेपरांची संख्या आणि गुणांचा तक्ता जास्त चालतो, म्हणून तिकडे जायचं असेल तर सहकार्याचे पेपर थोडे जास्त असणं शहाणपणाचं. हा फरक मला आवडत नाही, पण आज तो आहे.

मेथडच्या बाजूला मी एकच आग्रह धरीन, तो स्वतःच्या अनुभवावरून. माझा एक पेपर पहिली सहा वर्षं जवळजवळ कुणी पाहिला नाही. समीकरणं बरोबर होती, कोड माझ्याच मशीनवर पडून होता, आणि तो चालवायची रीत फक्त मला माहीत होती. मग एका विद्यार्थिनीने चार महिने खपून तो नव्याने लिहिला, तीन नमुना इनपुट आणि त्यांची अपेक्षित उत्तरं जोडली, आणि खुला केला. दोन वर्षांत आम्ही कधी न भेटलेल्या गटांचे ईमेल यायला लागले. पेपर तोच होता. तुमच्या काळात तर हे कितीतरी सोपं आहे. फंक्शनल बनवलं असेल तर लिबएक्ससी या खुल्या लायब्ररीत घाला, तिथून ते अनेक प्रोग्रॅममध्ये पोहोचतं. तरंगफलनाची पद्धत असेल तर पायएससीएफ किंवा साय-४ या खुल्या प्रोग्रॅममध्ये बसवा. आणि नेमकं काय चालवलं ते लिहा. बी३एलवायपीचंच पाहा: गॉसियन आणि ओर्का या दोन प्रोग्रॅममध्ये नेहमीच्या सेटिंगवर त्याची ऊर्जा जुळत नाही, कारण आतला स्थानिक सहसंबंधाचा भाग दोन वेगळ्या आवृत्त्यांचा आहे. दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी यात आठवडा घालवतो. तुमच्या पद्धतीत कुणाचा असा आठवडा जाऊ देऊ नका.

यासाठी गाईडशी बोलावं लागेल. काही गाईड कोड बाहेर द्यायला तयार नसतात, आणि गटाचं पुढचं काम त्यावर उभं असेल तर त्यांची भीती रास्त असते. तेव्हा सगळा कोड मागू नका. ज्या पेपरवर तुमचं नाव पहिलं आहे, तेवढ्या भागापुरती परवानगी मागा. थिसिस सबमिट होण्याआधी मागा, नंतर ते राहून जातं.

आणि या आठवड्यात एक करून पाहा. तुमची ७४ सायटेशन्स एकेक करून उघडा. एक संध्याकाळ लागेल. त्यांचे चार ढीग करा: तुमच्या गटाची, नुसता उल्लेख करणारी, तुमचा निकाल तुलनेसाठी घेणारी, आणि तुमची पद्धत प्रत्यक्ष वापरणारी. चौथ्या ढिगात दोन-तीन जरी सापडली, तर त्या लोकांना साधं, छोटं ईमेल लिहा, त्यांना कुठे अडचण आली ते विचारा. पोस्टडॉकसाठी पहिली तीन नावं मी त्यातूनच काढली असती. चौथा ढीग रिकामा निघाला तर कुठल्या पेपरची पद्धत दुसऱ्याला वापरता येण्याच्या सर्वांत जवळ आहे ते मला इथेच सांगा, कोड कुठल्या भाषेत आहे तेही लिहा. त्यावरून थिसिसआधीच्या महिन्यांत काय होऊ शकेल ते पाहू.